शिलाई मशीनच्या पेटीवरची बुरशी: कोणता उपाय कोणत्या पेटीला चालतो

बुरशी घालवणारे म्हणून जे स्प्रे मिळतात, त्यांतले बहुतेक बाथरूमच्या फरश्या आणि बेसिनसाठी बनवलेले असतात. शिलाई मशीनच्या पेटीचा मामला वेगळा आहे. तिथे लाकूड, सरस, लाखेचे पॉलिश किंवा रेक्झिन, फेल्ट (दाबून केलेले जाड लोकरी कापड), कातडी मूठ आणि लोखंडी कड्या-बिजागऱ्या हे सगळे एकाच वस्तूत येते, आणि एकाला जे मानवते ते दुसऱ्याला खाते. म्हणून इथे कोणत्याही उपायाला सरसकट चांगले किंवा वाईट म्हटलेले नाही. कोणत्या पेटीला काय चालते, ते बघून मत दिले आहे.

पेट्या ढोबळमानाने तीन जातींच्या. पहिली जुनी लाकडी, कमानदार झाकणाची, बाहेरून लाखेचे पॉलिश केलेली. दुसरी प्लायवूडच्या सांगाड्यावर रेक्झिन किंवा रंगाचा थर दिलेले कापड चिकटवलेली. उचलून न्यायच्या छोट्या मशीनना हीच मिळायची. 1933 साली आलेल्या सिंगर 221 फेदरवेटची काळी पेटी हे तिचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण, आणि कुबट वासासाठी बदनामही तीच. तिसरी हल्लीची प्लॅस्टिकची. या तिघींत दुसरी सर्वांत अवघड, कारण रेक्झिन चिकटवायला वापरलेला सरस हा जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला असतो आणि बुरशीला तो आयताच खुराक मिळतो. वरून पुसून पेटी लख्ख दिसते, पण बुरशी रेक्झिनच्या खाली सरस खात बसलेली असते. चार दिवस बंद ठेवून झाकण उघडले की वास पुन्हा तोच.

आधी ती बुरशीच आहे ना?

पांढरे दिसणारे सगळे बुरशी नसते. रेक्झिन जुने झाले की त्यातला मऊपणा देणारा तेलकट अंश पृष्ठभागावर येऊन पांढुरकी साय धरतो. कातडी मुठीवर मेणाचा आणि चरबीचा असाच थर येतो. हेअर ड्रायरची गरम हवा सहा-सात इंचांवरून अर्धा मिनिट द्या. साय असेल तर विरघळून दिसेनाशी होते, बुरशी जशीच्या तशी राहते. भिंगातून पाहिले तर बुरशी लोकरीसारखी, तंतूंची दिसते आणि ठिपके गोलाकार पसरलेले असतात.

काळ्या डागांचा घोळ याहून मोठा. खिळे, स्क्रू आणि कुलपाच्या पत्र्याभोवती लाकूड काळे पडते ते बऱ्याचदा लोखंड आणि लाकडातले टॅनिन (तुरट द्रव्य) यांच्या संयोगाने, बुरशीचा त्यात काही संबंध नसतो. आतल्या न दिसणाऱ्या जागी, कोऱ्या लाकडावर, कानकाडीने ब्लीचचा एक थेंब लावा. दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी. तसाच राहिला तर लोखंडाचा डाग किंवा मुरलेला मळ. लोखंडी डागावर बुरशीनाशक कितीही चोळले तरी काही होणार नाही, त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागते. थेंब लावलेली जागा लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्या.

सर्वांत जास्त गुण कोरड्या सफाईला

सगळ्या बाटल्यांच्या आधी ज्या वस्तूवर पैसे घालावेत असे आम्हाला वाटते, ती म्हणजे हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर आणि मऊ केसांचा ब्रश. बुरशीचे बीजाणू साधारण 2 ते 10 मायक्रॉनचे असतात. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कणही 99.97 टक्के अडवतो. साध्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून हेच बीजाणू मागच्या बाजूने खोलीभर उडतात, आणि मग पेटी स्वच्छ आणि कपाट दूषित असा उलटा प्रकार होतो. हेपा नसेल तर व्हॅक्यूम लावूच नका. उघड्यावर, वारा पाठीमागून घेऊन, किंचित ओलसर फडक्याने उचलत पुसा आणि ती फडकी पिशवीत बांधून टाकून द्या.

कोरड्या सफाईला इतके महत्त्व देण्याचे कारण आहे. मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी करते, त्यामुळे ती मारण्यापेक्षा उचलून काढणे जास्त गरजेचे. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा याच कारणाने ब्लीचसारखी औषधे बुरशी सफाईचा नेहमीचा भाग म्हणून वापरू नका असे सांगते. आणि बुरशीवर थेट स्प्रे मारला की दाबाने बीजाणू उडतात, उरलेले ओले होऊन लाकडाच्या रंध्रांत सरकतात. त्यामुळे कोणतेही औषध फवारू नका, फडक्यावर घेऊन पुसा.

काम सुरू करताना मशीन पेटीतून बाहेर काढायचीच. ती बिजागरीवर बसवलेली असेल तर बिजागरीच्या खालचे दोन स्क्रू सैल केले की मशीनचे डोके उचलले जाते. आतला कप्पा, तेलाची ताटली, पुस्तिका, पट्टा, दोऱ्याची रिळे, सगळे वेगळे करा. एन95 मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. कोपऱ्यांत ब्रश उभा न धरता आडवा फिरवा आणि व्हॅक्यूमचे तोंड ब्रशच्या इंचभर मागे ठेवा. रेक्झिनच्या दुमडलेल्या कडा, झाकणाच्या आतली पट्टी आणि कुलपाच्या पत्र्यामागची फट या तीन जागी बुरशी हमखास राहून जाते. कुलपाचा पत्रा स्क्रूवर असेल तर काढाच. रिव्हेट असेल तर लाकडी टूथपिकने फट कोरून घ्या.

बाटल्यांची परीक्षा

आयसोप्रोपिल अल्कोहोल, 70 टक्के. प्लॅस्टिक आणि आतल्या कोऱ्या प्लायवूडसाठी आमची पहिली पसंती. बुरशी मारते, लवकर सुकते, लाकडात फारसे पाणी मुरू देत नाही. 99 टक्क्यांचे घेऊ नका. ते इतक्या झटकन उडते की बुरशीच्या पेशीत शिरायला त्याला वेळच मिळत नाही, 70 टक्क्यांच्या द्रवातले 30 टक्के पाणीच काम करवून घेते. फडके भिजवून पिळा, पृष्ठभाग दोन-तीन मिनिटे ओलसर राहील इतके पुसा, सुकू द्या आणि दुसऱ्या स्वच्छ फडक्याने परत पुसा. आसपास ज्योत, सिगारेट, चालू हीटर नको.

पण लाखेच्या पॉलिशवर हेच औषध घातक आहे. लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्येच, विरघळवून लावलेली असते, त्यामुळे अल्कोहोलचे फडके फिरवले की पॉलिश चिकट होते आणि फडक्याला तपकिरी रंग लागतो. तो डाग पुसून जात नाही, पॉलिश पुन्हा करावे लागते. जुन्या काळ्या मशीनवरच्या सोनेरी नक्षीचीही हीच गत, म्हणून मशीन जवळ ठेवून स्पिरिट वापरू नका. ज्याचे पॉलिश कसले आहे याची खात्री नाही, त्याच्या मागच्या खालच्या कडेला कानकाडी बुडवून अर्धा मिनिट दाबून धरा. कापूस रंगला किंवा चिकटला तर तिथेच थांबा. जुन्या रंगीत कापडी आवरणालाही हीच चाचणी लावा, कारण त्याचा रंगाचा थरही अल्कोहोलने मऊ पडू शकतो. अमोनिया असलेले काचेचे क्लीनरही लाख खातात.

मग लाखेच्या पेटीला काय? मिनरल टर्पेंटाइन. ते बुरशी मारत नाही, हे खरे. पण मळ, जुने मेण आणि त्यावर वाढलेली बुरशी उचलून आणते आणि लाखेला हात लावत नाही. मऊ सुती फडक्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसायचे, फडक्याची बाजू सारखी बदलायची. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, त्यात बुडवून अगदी घट्ट पिळलेले फडके, आणि मागोमाग कोरडे फडके. पाणी लाखेवर राहिले की पांढरा डाग धरते, म्हणून वीतभर जागा घेऊन तेवढीच पुरी करा आणि मगच पुढे सरका. टर्पेंटाइनची फडकी गोळा करून टाकू नका, मोकळ्या हवेत पसरून सुकवा.

पांढरे व्हिनेगर, 5 टक्के. सगळ्यांत जास्त शिफारस होते ती याची, आणि आम्हाला ती थोडी जास्तच वाटते. काही जातींच्या बुरशीवर चालते, काहींवर नाही. प्लॅस्टिकवर किंवा आतल्या लाकडावर पाणी न घालता लावून तासभर ठेवले तर उपयोग होतो. खरी अडचण नंतरची. ॲसिटिक आम्लाची वाफ बंद पेटीत साचते आणि पोलादाला गंज चढवते. व्हिनेगर वापरले तर झाकण उघडे ठेवून आंबट वास पूर्ण जाईपर्यंत मशीन आत ठेवायची नाही, आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. बिजागऱ्या आणि कुलपे यांना ते लागता कामा नये. लागलेच तर पुसून त्यावर मशीन ऑइलचा थेंब फिरवा.

हायड्रोजन पेरॉक्साइड, 3 टक्के. आतल्या कोऱ्या प्लायवूडवरचे करडे-काळे ठसे घालवायला याच्यासारखे दुसरे नाही. ब्रशने लावा, फेस येऊ द्या, दहा मिनिटांनी पुसा, गरज असेल तर पुन्हा लावा. लाकडाचा रंगही थोडा उजळतो, म्हणून ठिपक्यापुरते न लावता अख्ख्या फळीला लावावे, नाही तर चट्टे दिसतात. बाहेरच्या रंगीत रेक्झिनवर टाळा. बाटली तपकिरी असते ती उजेडाने औषध मरते म्हणून, तेव्हा पारदर्शक स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवू नका. व्हिनेगरमध्ये तर मिसळूच नका, दोन्हींचे मिळून पेरॲसिटिक आम्ल होते आणि ते डोळ्यांना, फुप्फुसांना झोंबते.

बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेले जंतुनाशक द्रव रेक्झिनच्या पेटीसाठी आम्हाला सर्वांत सोयीचे वाटतात. वास कमी, रंग सहसा जात नाही, आणि सुकल्यावर राहिलेला अंश काही काळ नवी बुरशी धरू देत नाही. लेबलवर सांगितलेला वेळ, बहुधा दहा मिनिटे, पृष्ठभाग ओला राहायला हवा. लोक इथेच घाई करतात, लावले की लगेच पुसतात आणि औषध कुचकामी म्हणतात. दुसरी चूक साबणाची. साध्या साबणाचा अंश राहिला असेल तर तो या औषधाचा असर मारतो. साबणाने पुसले असेल तर आधी साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून घ्या.

टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आतल्या लाकडाला शेवटचा हात म्हणून छान. एक लिटर गरम पाण्यात 30 ग्रॅम विरघळवा. थंड पाण्यात 50 ग्रॅमच्या आसपासच त्याची मर्यादा येते, त्यामुळे जास्त घालून तळाशी खडेच राहतात. ब्रशने पातळ लावा, धुऊ नका. मागे राहणारा क्षार बुरशीला नको असतो. तो पोटात गेलेला माणसालाही चांगला नाही, म्हणून ज्या पेटीशी लहान मुले किंवा मांजर-कुत्रे खेळतात तिथे लावू नये.

ब्लीचला आम्ही फक्त प्लॅस्टिकच्या पेटीसाठी आणि तेही सगळे धातूचे भाग काढून झाल्यावर मान्यता देऊ. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, दहा मिनिटे, मग भरपूर पाण्याने धुणे. लाकडावर त्याचा क्लोरीनचा भाग वरच राहतो आणि पाणी आत मुरते. डाग जातो, बुरशीला ओल मिळते, आणि काही आठवड्यांत ती परत येते. कड्यांवर गंज येतो तो वेगळाच. व्हिनेगर किंवा अमोनियाबरोबर ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो.

वास, म्हणजे खरे काम

पुसण्याचे काम एका दुपारी होते, वासाला काही आठवडे लागतात. पेटी झाकण उघडून, मागचा भाग भिंतीपासून सोडून, पंख्यासमोर दोन-तीन दिवस ठेवा. सकाळचे कोवळे ऊन तास-दीड तास चालेल. दुपारच्या कडक उन्हात सरस सुटतो, प्लायचे पापुद्रे उचलतात आणि रेक्झिन कडांना आकसते.

त्यानंतर ॲक्टिव्हेटेड चारकोल. पसरट ताटलीत 200 ते 300 ग्रॅम दाणेदार चारकोल, पेटी बंद, दोन आठवडे. बुरशीच्या वासाचे वायू तो खरोखर धरून ठेवतो. शेगडीचा कोळसा हे काम जवळजवळ करत नाही, कारण त्याची छिद्रे तशी उघडलेली नसतात. खायचा सोडा आम्ही शिफारस करत नाही. कुबट वासावर त्याचा परिणाम चारकोलपेक्षा खूप कमी, आणि त्याची पूड बिजागऱ्यांत आणि फेल्टमध्ये जाऊन बसते. रद्दीचे कागद चुरगाळून भरणे फुकटचे आणि बऱ्यापैकी उपयोगी, पण रोज बदलले तरच. सुगंधी स्प्रे आणि डांबराच्या गोळ्या फक्त वास झाकतात. शिवाय डांबराच्या गोळ्यांची वाफ पॉलिस्टायरीनच्या वस्तू मऊ करते, तेव्हा जुन्या प्लॅस्टिकच्या बॉबिनच्या डब्या आत असतील तर त्या चिकट होऊन बसतील.

ओझोन मशीनला आमचा साफ नकार. वास कमी होतो हे मान्य. पण ओझोन रबराला तडे पाडतो, आणि मशीनमध्ये रबर ठिकठिकाणी आहे: मोटरचा पट्टा, बॉबिन भरण्याच्या चाकाची रिंग, पायांच्या टोप्या, जुन्या वायरचे आवरण. वायरचे आवरण फाटले की प्रश्न वासापुरता राहत नाही, शॉक बसू शकतो.

एवढे करूनही वास राहिला तर तो दोनच ठिकाणी असतो. एक फेल्ट. तेलाच्या ताटलीखालचा किंवा पेटीच्या तळाचा फेल्ट तेल, धूळ आणि ओल एकत्र धरतो. तो धुऊन परत लावण्यात अर्थ नाही. खरवडून काढा, जुना गोंद कोमट ओल्या फडक्याने मऊ करून उचला, तळ सुकवा आणि 3 मिलिमीटर जाडीचा लोकरी फेल्ट कापून बसवा. दुसरे ठिकाण रेक्झिनच्या खालचा सरस. जिथे रेक्झिन फुगले आहे तिथे बोटाने दाबून पाहा, पोकळ आवाज येतो. कड सुटलेली असेल तर चपट्या सुरीने दोन-तीन इंच उचला, आतली भुकटी ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, अल्कोहोलचा बोळा आतल्या लाकडावर फिरवा आणि रात्रभर ती कड लाकडी काड्यांवर उघडी ठेवा. चिकटवताना पुन्हा सरस किंवा खळ वापरू नका, बुरशीला तेच हवे असते. पांढरा पीव्हीए गोंद सिरिंजने पातळ सोडा, वर मेणकागद, त्यावर सपाट फळी आणि वजन, 24 तास.

आतले लाकूड कोरे असेल तर शेवटी त्याला लाखेचा हात द्या. मेण काढलेली चपडा लाख, एक लिटर स्पिरिटला साधारण 250 ग्रॅम, दोन हात, मध्ये दोन तासांचे अंतर. वास कोंडून टाकण्यात लाख इतर वार्निशांपेक्षा सरस ठरते. मात्र लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय लावली तर आतली ओल कोंडली जाते आणि बुरशी थराखाली वाढते. लाकडाची ओल मोजायचे पिनचे यंत्र मिळाले तर 12 टक्क्यांच्या आसपास आकडा येईपर्यंत थांबा.

पुन्हा ठेवताना

हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. 60 च्या खाली ठेवली तर धरत नाही. पेटीचा तळच आधी का सडतो, याचे कारण मशीनमध्ये आहे. लोखंडाचे जड डोके थंड राहते, बाहेरची उबदार दमट हवा त्याला लागली की त्यावर दव धरते आणि ते खाली फेल्टमध्ये उतरते. म्हणून थेट फरशीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून पेटी ठेवू नये. खाली चार इंच मोकळी जागा हवी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळणे तर नकोच. सुती चादर पुरे.

सिलिका जेलबद्दल अपेक्षा नीट ठेवायला हव्यात. नव्या वस्तूंबरोबर येणारी 5 ग्रॅमची पुडी जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅम पाणी धरते. तीन किलो लाकडातली ओल एका टक्क्याने जरी उतरवायची म्हटली तरी 30 ग्रॅम पाणी बाहेर काढावे लागते. म्हणजे निदान 200 ग्रॅम जेल, जाळीच्या पिशवीत, आणि झाकणाची फट बऱ्यापैकी बंद. रंग बदलणारे नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे. रंग उतरला की ओव्हनमध्ये 120 अंश सेल्सिअसला दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. आत एक छोटे डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचे यंत्र) ठेवले तर जेल कधी तापवायचे हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे, ज्यांच्या तळाशी पाणी साचते, ते ओल ओढण्यात जेलपेक्षा कितीतरी वरचढ आहेत आणि कपाटात ठेवायला उत्तम. पेटीच्या आत मात्र कधीही नको. साचलेले पाणी खारट असते. डबा एकदा कलंडला की सुईची दांडी, दात आणि शटलची जागा गंजून जाते.

भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डची पेटी ओलीने फुगली असेल, कडा बोटाने दाबल्यावर भुगा पडत असेल, तर वरचे कोणतेही औषध वाया घालवू नका. तो बोर्ड पुन्हा घट्ट होत नाही. मूठ, कुलूप, बिजागऱ्या आणि पायाच्या टोप्या काढून घ्या, गंज तारेच्या ब्रशने उतरवून तेल लावा, आणि सांगाड्याची मापे कागदावर उतरवून घ्या. 9 मिलिमीटरच्या प्लायची नवी पेटी त्याच मापांवर करता येते आणि जुने सामान तिला बसते.